एकेचाळीसच्या मागे एकेचाळीस

माझे वडील गेली नऊ वर्षं दातांनी ऐकतात. हे वाक्य मी आमच्या आयटीआयच्या पोरांना दर वर्षी पहिल्या तासाला सांगते आणि दर वर्षी मागच्या बाकावरून हसू येतं. मग मी त्यांना एक लांब पेचकस देते, त्याचं टोक चालू इंजिनाला टेकवायला लावते आणि मूठ दातांत धरायला सांगते. हसू थांबतं. आवाज हाडातून थेट आत जातो, त्याला कानाचा पडदा लागत नाही. यात चमत्कार काही नाही, आणि चमत्कारांवर माझा विश्वासही नाही. मी बीडला मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवते, मोजून बोलते, आणि इथं जे आकडे येतील ते त्या त्या वेळी डायरीत टिपलेले आहेत.

अब्बांचं नाव रहमतुल्ला. बार्शी नाक्याजवळ त्यांचं गॅरेज आहे. चाळीस वर्षं ग्राइंडर आणि फुटक्या सायलेन्सरांच्या संगतीत राहून त्यांचे कान गेले. मी हौसेनं कानाचं मशीन आणून दिलं, ते त्यांनी दोन दिवस लावलं आणि तिसऱ्या दिवशी नटबोल्टांच्या डब्यात टाकून दिलं. शिसवी मुठीचा तो पेचकस हाच त्यांचा कान. मुठीवर त्यांच्या दातांच्या खाचा पडल्या आहेत. घरात कुणाला ताप आला तरी ते पेचकस पाठीला टेकवतात, डोळे मिटून ऐकतात आणि "चालू हाय!" असं ओरडतात. ऐकू येत नसल्यामुळं ते सगळंच ओरडून बोलतात. (घरात आम्ही खरं तर दखनी बोलतो. इथं सगळ्यांच्या सोयीनं मराठीत लिहिते आहे.)

माझा धाकटा भाऊ अल्ताफ मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकल पळवतो. वय एकोणतीस, अंगात मस्ती. हेल्मेटच्या आत शीळ घालत गाडी चालवायचा. अम्मीच्या हातच्या प्रत्येक पदार्थात मीठ कमी असतं, अशी त्याची जन्माची तक्रार. मला कधी आपा म्हणाला नाही, 'मास्तरीण' म्हणायचा, आणि जेवायला बसलं की माझ्या ताटातला पहिला घास उचलून पळायचा. मी त्याला त्यासाठी लाटण्यानं मारलेलं आहे.

हे सगळं 'होतं' अशा भाषेत लिहावं लागतंय, कारण मागच्या जानेवारीत धारूरच्या शर्यतीत तो पडला. विहिरीच्या वळणावर मागचं चाक घसरलं, गाडी कडब्याच्या पेंढ्यांमध्ये गेली आणि तो पेंढ्यांच्या पलीकडं दगडांवर. ॲम्ब्युलन्समध्ये त्याचं मनगट माझ्या हातात होतं. चाळीस सेकंद नाडी लागली नाही. समोर घड्याळ होतं म्हणून चाळीस म्हणते. मग लागली. पुढं एकोणीस दिवस दवाखाना, डाव्या गळपट्टीच्या हाडात पोलादी पट्टी आणि सहा स्क्रू. तो हात तेव्हापासून खांद्याच्या वर जात नाही. मालीश मीच करायचे, त्यामुळं कातडीखालचे ते सहा उंचवटे माझ्या बोटांना पाठ आहेत.

अल्ताफ घरी आला तेव्हा अब्बांनी त्याच्या पाठीला पेचकस लावला. बराच वेळ ऐकलं. "चालू हाय," म्हणाले, पण हळू. अब्बांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

जो घरी आला तो फार गुणी होता. समोर येईल ते खायचा. मीठ कमी असलं तरी खायचा, नसलं तरी खायचा. पाणी दिलं की "शुक्रिया" म्हणायचा, सख्ख्या बहिणीला! पाणी पिऊन झालं की ग्लास स्वतः विसळायचा आणि पालथा घालून ठेवायचा. संध्याकाळी अब्बांचे पाय चेपायचा. शेजारणी अम्मीला म्हणायच्या, रहिमाबी, तुमचा पोरगा सुधारला. अम्मी हसायची आणि आत येऊन पदरानं डोळे पुसायची. कारण अर्धा माणूस घरी आला होता. उरलेला कुठं राहिला, हे कुणाला विचारावं, ते आम्हाला कळत नव्हतं.

म्हणून या वर्षी तो जेव्हा म्हणाला की धारूरला पुन्हा उतरतो, तेव्हा मी नाही म्हटलं नाही. पहिल्या तिघांना पुण्याच्या एका टीमकडून चाचणीचं बोलावणं होतं. पण मला नंबराशी काही देणंघेणं नव्हतं. मला वाटलं, गाडीवर बसेल, वारं लागेल, शीळ घालेल. मला माझा भाऊ परत हवा होता.

गाडी तीच. टू-स्ट्रोक, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, टाकीवर अब्बांच्या हातचा पांढरा एकेचाळीस. पडल्यानंतर अब्बांनी ती वर्षभर खपून उभी केली होती. शुक्रवारी दुपारी गॅरेजात बिस्मिल्ला म्हणून किक मारली, पहिल्या किकेला सुरू झाली. अब्बांनी मूठ दातांत धरून टोक इंजिनाला लावलं. मग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं.

"हिच्यात दोन गाड्या चालायल्यात!" ते ओरडले.

"म्हणजे?" मी हातानं विचारलं.

"एक ठोका हिचा. एक मागून येतोय. लांबून. तसलाच."

मी माझा स्टेथोस्कोप लावला. एकच इंजिन, एकच ठोका, स्वच्छ. पिस्टन सैल असेल तर दुहेरी आवाज येतो, म्हणून बॅरल उघडलं, फटी मोजल्या. सगळं मापात होतं. अल्ताफ बाजूला उभा राहून बघत होता. "आपा, राहू दे. चांगली चाललीय," एवढंच म्हणाला.

शनिवारी सकाळी आठला आम्ही धारूरच्या बाहेरच्या माळावर पोचलो. समोर किल्ल्याची तटबंदी, मागं घाटाचा उतार, मध्ये सीताफळाची झुडपं तोडून केलेला तेराशे मीटरचा ट्रॅक. कडेला टायर आणि कडब्याच्या पेंढ्या. ज्या पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची शर्यत होती ते फ्लेक्सवर चार ठिकाणी हात जोडून उभे होते, प्रत्यक्ष दोन्ही दिवस आले नाहीत. अर्धी गावं ऊसतोडीला गेलेली, त्यामुळं बघायला म्हातारी माणसं जास्त. आमच्या शेजारी अजिनाथचा तंबू होता. अजिनाथ शिरूर कासारचा, अल्ताफचा दोस्त आणि दहा वर्षांचा प्रतिस्पर्धी. त्यानं अल्ताफला मिठी मारली आणि "काय बे, आलास का परत?" म्हणाला. अल्ताफ म्हणाला, "आलो. शुक्रिया." अजिनाथ माझ्याकडं बघतच राहिला.

पहिला सराव सहा फेऱ्यांचा. चौथ्या फेरीत गाडी विहिरीच्या वळणावर अडखळली, सहावीत तर मेल्यासारखीच आली. टाकी रिकामी होती. दीड लिटर पेट्रोल मी स्वतः मोजपात्रानं घातलेलं. हिशोबानं पाऊण लागायला हवं होतं. दुप्पट पेट्रोल गेलं तर एक तर ते सांडलं, नाही तर प्लग काळा पडायला पाहिजे. गळती कुठंच नव्हती. प्लग काढला तर चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचा, म्हणजे सगळं व्यवस्थित जळालेलं. मी कार्ब्युरेटरमधली फ्लोटची सुई बदलली, जेट बदलला, पेट्रोलचा कॉक बदलला. हात धुवत होते तेवढ्यात एक बाई वही छातीशी धरून आमच्या तंबूत आल्या.

त्या रोहिणी मॅडम, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. फेऱ्या मोजायची यंत्रं भाड्यानं येणार होती ती आली नाहीत, म्हणून मोजणी हातानं होती. रेषेवर आसाराम नावाचे निवृत्त एसटी कंडक्टर उभे राहून नंबर पुकारायचे आणि मॅडम नंबरापुढं वेळ लिहायच्या.

"मॅडम, माझी काहीतरी चूक झालीय," त्या म्हणाल्या. "तुमचा एकेचाळीस बारा वेळा लागलाय. फेऱ्या तर सहाच झाल्या."

मी वही बघितली. अक्षर हजेरीपटासारखं नीट. प्रत्येक फेरीत एकेचाळीस एकदा, आणि त्यानंतर पुन्हा एकदा. दोन्हींमधलं अंतर प्रत्येक वेळी चाळीस सेकंद.

चाळीस हा आकडा बघून माझा हात वहीवरच थांबला. मग मी स्वतःला सांगितलं की योगायोगाला आकड्यांची ददात नसते. एकच नंबर दोन गाड्यांना दिला असेल. मी सगळे तंबू फिरले. तेवीस गाड्या, तेवीस वेगळे नंबर. शेवटी आसारामांना गाठलं.

"ताई, मी तेहतीस वर्षं गाडीतल्या शिटा मोजल्यात," ते म्हणाले. त्यांना राग आला होता. "एक बी शीट कदी कमीजास्त न्हाई. धुळीतनं आली, नंबर वाचला, बोललो. मी कशाला खोटं बोलू?"

दुपारच्या सरावाला मी त्यांच्या शेजारीच उभी राहिले. अल्ताफ समोरून गेला. मी मनात आकडे मोजायला लागले. सव्वीस झाले तेव्हा धुळीची एक लांबट रेघ ट्रॅकवरून आली आणि माझ्या समोरून निघून गेली. वारा पडलेला होता. आसाराम म्हणाले, "एकेचाळीस." मॅडमनी लिहिलं. माळावर दुपारी वावटळ उठते, हे मलाही माहीत आहे. पण वावटळ वळणावर वेग कमी करत नाही. ही रेघ विहिरीच्या वळणावर कमी झाली आणि पुढं जाऊन पुन्हा वाढली.

त्या दिवशी पेट्रोल पुन्हा दुप्पट गेलं. नवी चेन एका दिवसात एवढी सैलावली की मला चाक मागं घ्यावं लागलं. मी डायरीत लिहिलं: सकाळी ४०, दुपारी २६.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर अजिनाथनं हुरडा भाजला. त्याच्या पाहुण्यांचं रान ट्रॅकला लागूनच होतं. अब्बा आगटीजवळ बसून गरम कणसं हातावर चोळत होते आणि सगळ्यांना ओरडून वाढत होते. मी आणि अल्ताफ बांधावर जरा बाजूला बसलो. माझ्या हातात हुरड्याची वाटी होती. मी ती मुद्दाम त्याच्या बाजूला धरली. त्यानं त्यातला एक दाणाही उचलला नाही.

"आपा," तो म्हणाला, "मी पैल्यासारखा न्हाई ना?"

माझ्यानं खोटं बोलवेना. "तू आहेस ना, बस झालं," म्हणाले.

"मला आठवतं सगळं. मी कसा होतो, काय बोलायचो. पण ते दुसऱ्या कुणाचं तरी आठवल्यासारखं वाटतं." तो किल्ल्याकडं बघत होता. "आज मागून शीळ ऐकू आली. दोन्ही टायमाला."

"हेल्मेटमध्ये वारा शिरतो."

"वाऱ्याला अम्मीचं अंगाईगीत येत न्हाई."

त्यानं माझा हात हातात घेतला. त्याचा हात कोमट होता, जिवंत माणसाचा असतो तसा. हे मी मुद्दाम लिहिते आहे. तो माझा भाऊच होता, आणि त्या वर्षभरात तो माझ्याशी एकदाही वाकडं बोलला नव्हता.

"तुला तो परत पायजे का, आपा? खरं सांग."

"हो," मी म्हणाले. "हवाय. जीव तुटतो माझा त्याच्यासाठी."

तो हसला. छान हसला. "मग ठीक हाय," म्हणाला, आणि माझी वाटी घेऊन विसळायला गेला.

हा शब्द मी परत घेऊ शकले असते का, याचा विचार मी तेव्हापासून रोज करते.

रविवारी सकाळी पात्रता फेरी. सुरुवातीच्या रेषेवरच क्लचची वायर तुटली. मी पळत जाऊन चार मिनिटांत दुसरी ओवली; तोवर शर्यत थांबवून ठेवली, पण त्याला मागच्या रांगेत टाकलं. अल्ताफ शेवटून सुटला आणि पाचवा येऊन अंतिम फेरीत गेला. वहीत अंतर अकरा सेकंद. आता रोहिणी मॅडम ते खोडत नव्हत्या. दुसऱ्या एकेचाळीसला त्यांनी शेजारी वेगळा रकाना आखला होता.

"खोडलं तर आसारामभाऊंना वाईट वाटतं," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या.

अंतिम फेरीआधी अब्बांनी पेचकस लावला. ऐकता ऐकता त्यांची पाठ ताठ झाली. त्यांनी मूठ दातांतून काढली, माझ्याकडं बघितलं आणि या वेळी ओरडले नाहीत.

"जवळ आली, समी."

मी अल्ताफकडं गेले. तो हातमोजे घालत होता. मी त्याचं मनगट धरलं, ॲम्ब्युलन्समध्ये धरलं होतं तसंच. म्हणाले, "राहू दे आजचं. घरी जाऊ. गाडी विकू, काय करायचं ते करू."

"कावून भ्यायलीस?" तो म्हणाला. "आपलाच हाय त्यो."

"अल्तू, ऐक माझं."

"लई वाट बघितली त्यानं. सालभर एकटाच फिरतोय इथं." त्यानं हेल्मेट उचललं, आणि काहीतरी आठवल्यासारखं करून खाली ठेवलं. अब्बांपाशी गेला आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. आमच्यात असं पाया पडायची रीत नाही. अब्बांनी त्याला वर ओढून घट्ट धरलं. मग तो गाडीवर बसला.

दहा फेऱ्या. मी रोहिणी मॅडमच्या टेबलाशी उभी राहिले. तिथून विहिरीचं वळण शंभर मीटरवर, सरळ दिसतं.

पहिल्या फेरीत अल्ताफ सातवा होता. अंतर नऊ.

तिसरीला पाचवा. अंतर सात. धुळीच्या रेघेत आता मधून मधून काही गडद दिसत होतं. मी नंबर वाचायचा प्रयत्न केला आणि मग मुद्दाम दुसरीकडं बघितलं.

पाचवीला अजिनाथला मागं टाकून चौथा. अंतर पाच. गाडीचा आवाज बदलला होता. लग्नात दोन ढोल जरा पुढंमागं वाजतात तसा.

सातवी. तीन.

"एकेचाळीस," आसाराम म्हणाले. श्वास घ्यायच्या आत, "एकेचाळीस."

आठवी. दोन. मॅडमचा पेन कागदावर टेकून राहिला होता, उचलायला वेळच नव्हता.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. शेजारी अब्बा येऊन उभे राहिले होते. पेचकसाचं टोक कठड्याच्या लोखंडी खांबाला, मूठ दातांत, डोळे मिटलेले.

नववी फेरी. एक.

विहिरीच्या वळणाआधी अल्ताफनं डावा हात वर केला. खांद्यापर्यंत. त्याचा हात जेवढा जायचा तेवढाच. मागच्या गाडीला वाट द्यायची असली की चालक असा हात करतात.

मग त्यानं गाडी कडेला घेतली.

धूळ त्याच्यावर आली.

त्या धुळीतून एक गाडी बाहेर पडली. एकच. गुडघा बाहेर, डोकं टाकीला चिकटलेलं, वळणावर बेदरकारपणे आडवी घातलेली. वर्षभरात मी अल्ताफला असं वळताना बघितलं नव्हतं. त्याआधी शंभरदा बघितलं होतं.

"एकेचाळीस," आसाराम म्हणाले.

मी वाट बघितली. दुसऱ्यांदा ते काही म्हणाले नाहीत.

शेवटच्या फेरीत त्यानं आणखी एकाला मागं टाकलं. तिसरा आला.

गाडी तंबूपाशी थांबायच्या आधीच मला शीळ ऐकू आली. हेल्मेटच्या आतून, बेसूर, अम्मीची अंगाई. त्यानं हेल्मेट काढून माझ्याकडं फेकलं. "मास्तरीण, तोंड मिट, माशी जाईल!" म्हणाला. मी रडायला लागले तर तो खदाखदा हसला आणि माझ्या ओढणीला हात पुसले. अब्बांनी इंजिनाला पेचकस लावला, ऐकलं, आणि अख्ख्या माळाला ऐकू जाईल असे ओरडले, "एकच! एकच हाय!" मग पेचकस अल्ताफच्या पाठीला. "जोरात चालू हाय!" अजिनाथ आला, त्यानं शिवी दिली, अल्ताफनं त्याहून मोठी दिली. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. मी डबा उघडला, अम्मीचा खिमा आणि ज्वारीच्या भाकरी. माझ्या ताटातला पहिला घास त्यानं उचलला आणि तोंड वाकडं केलं.

"आज बी मीठ कमी!"

एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. हेही मी लिहून ठेवते, कारण ते तितकंच खरं आहे.

बक्षीस घेताना त्यानं ढाल दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. लोक टाळ्या वाजवत होते. मी वाजवता वाजवता थांबले. डावा हात सरळ वर गेला होता, कोपरात जरासुद्धा वाक नव्हता.

गाडी पिकअपमध्ये चढवून बांधली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. लोक गेले होते. अल्ताफ माझ्या गळ्यात हात टाकून उभा राहिला, पुण्याच्या टीमला काय काय सुनवायचं ते सांगत होता. मी हळूच त्याच्या शर्टाच्या गळ्यातून दोन बोटं आत घातली, गळपट्टीच्या डाव्या हाडावर. तो गुदगुल्या झाल्यासारखा हसला. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपलं. हाड सपाट होतं. व्रणही नव्हता.

ट्रॅकच्या पलीकडून आवाज आला.

"एकेचाळीस."

आसाराम अजून रेषेवर उभे होते. मॅडम टेबलाशी बसून होत्या, त्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. ट्रॅक रिकामा होता. धूळही नव्हती.

अब्बा कठड्याच्या खांबाजवळ वाकलेले दिसले. मी जवळ गेले. मूठ त्यांच्या दातांत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. विहिरीच्या वळणाकडं बघितलं. मग पिकअपकडं, जिथं अल्ताफ हॉर्नवर हात ठेवून "चला की, भूक लागली!" म्हणून बोंबलत होता.

"अजून चालू हाय," ते म्हणाले. हळू.

एका बापानं अशा वेळी काय करायचं असतं, ते मला माहीत नाही. अब्बांनी पेचकसाची मूठ सदऱ्याला पुसली आणि तो पिशवीत ठेवला. "चल, समी. अम्मी वाट बघत असंल."

निघताना मी एकच गोष्ट केली. आमच्या जारमधलं पाणी स्टीलच्या ग्लासात भरलं आणि विहिरीच्या वळणावरच्या कडब्याच्या पेंढीवर ठेवलं. त्यानं दिवसभर काही घेतलेलं नव्हतं. नववी फेरी संपेपर्यंत माझ्याकडं कुणी पाणी मागितलं नव्हतं, आणि तो मागणाऱ्यातला नव्हताच.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. अम्मीनं अल्ताफला बघितलं, त्यानं तिला उचलून गोल फिरवलं, आणि ती एकाच वेळी हसायला आणि शिव्या द्यायला लागली. स्वयंपाकघरातून मिठाची बरणी मागितल्याचा आवाज येत होता. मी ओट्यावर बसून डायरी उघडली होती. फोन वाजला. रोहिणी मॅडमचा मेसेज होता, एक फोटो आणि खाली दोन ओळी.

"मॅडम, तुमचा ग्लास वळणावर राहिला. शाळेत आणून ठेवते, कधीही न्या."

फोटोत कडब्याची पेंढी होती. तिच्यावर आमचा ग्लास, स्वच्छ विसळून पालथा घातलेला, आणि त्याच्या काठाखाली पाण्याचं ओलं कडं, अजून न वाळलेलं.